कमरेच्या बाटलीतली सळई

तुमच्या शेजारच्या माणसानं रविवारी सकाळी अंगणात पातेलं चढवून हाडं उकळायला घेतली, तर तुम्ही काय कराल? दार लावून घ्याल, गल्ली गोळा कराल, की जवळ जाऊन विचाराल, "कशासाठी हो?"

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीनं पहिल्या दोन्ही गोष्टी केल्या. तिसरी कुणी केली नाही. त्यामुळे सर आमच्यात वर्षानुवर्षं राहिले तरी गल्लीला त्यांच्याविषयी एवढंच माहीत होतं: कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, लग्न केलेलं नाही, विधवा थोरल्या बहिणीबरोबर राहतात आणि हाडं उकळतात. पोरांनी त्यांचं नाव हाडूकसर ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. एकदा एका पोराला त्यांनी थांबवून सांगितलं, "हाडूक नाही रे, हाडाची राख म्हण. हाडूक कुणीही जमवतो."

मी त्याच गल्लीतली, आणि कॉलेजात त्यांची विद्यार्थिनी. माझे वडील गिरणीत होते. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं ओळखायला शिकले ती "कामगार बंधूंनो" या दोन शब्दांवर. तेव्हा माझा समज असा की जगातली प्रत्येक गोष्ट एका पानात, ठळक अक्षरांत सांगता येते. सरांनी हा समज काही पूर्ण मोडला नाही. पण त्याला नख लावलं.

नखाबद्दल सांगायलाच हवं. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं आणि ते कशावरही चालायचं. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवर, मग बसायचं. नव्या रंगवलेल्या पाटीवर, एस.टी.च्या सीटवर, लग्नात वाढायला आणलेल्या पितळी भांड्याच्या कल्हईवर. जरा खरवडायचं, कानाशी बोट नेऊन झटकायचं आणि स्वतःलाच विचारायचं, "धरलंय का नुसतं बसलंय?" एकदा मी त्यांना एका मोठ्या पुढाऱ्याच्या सभेला ओढून नेलं. मैदान गच्च भरलेलं, टाळ्यांवर टाळ्या. परतताना मी विचारलं, "कसं वाटलं सर?" त्यांनी आधी अंगठ्याचं नख सदऱ्याला पुसलं. मग म्हणाले, "बसलंय. धरलेलं नाही." मी रागावून चार पावलं पुढे चालायला लागले. पुढच्या निवडणुकीला तो पुढारी दुसऱ्या पक्षात होता.

हाडं ते बाजाराच्या टोकाला असलेल्या एका खाटकाकडून आणत. कापडी पिशवी पुढे केली की म्हातारा खाटीक म्हणायचा, "क्या सर, आज बी हड्डीच होना? गोश्त कब लेते?"

"गोश्त सडता, चाचा. हड्डी रहती," सर म्हणायचे.

मग रविवारी उकळणं, चरबी काढणं, पत्र्यावर वाळवणं. सोमवारी ती हाडं कॉलेजच्या भट्टीत जायची. आधी काळी व्हायची, मग करडी, मग पांढरीशुभ्र. खलात कुटून त्यांची पूड व्हायची, मैद्यासारखी. प्राचार्यांनी एकदा बोलावून खडसावलं, की कॉलेज म्हणजे मसणवट नाही. सर त्यांच्या टेबलावरच्या महागड्या विलायती कपाकडे बघत म्हणाले, "साहेब, या कपात निम्मी हाडाचीच राख असते. म्हणून तर तो इतका पांढरा." प्राचार्यांनी त्या दिवशी चहा अर्धा सोडला, असं शिपाई सांगायचा. भट्टीवरची बंदी मात्र काही आली नाही.

हे सगळं चाललं होतं ते अक्कासाठी. अक्का म्हणजे त्यांची बहीण. ही माणसं अक्कलकोटच्या पलीकडची. अक्का सरांना 'तम्मा' म्हणायची, कानडीत धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्यांना वाढवलेलं. एके दिवशी पाण्याची कळशी घेऊन जिना चढताना ती पडली आणि मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. दवाखान्यात हाडात पोलादी सळई घालून ते जोडलं. अक्का चालायला लागली. सरांनी गल्लीत पेढे वाटले, आणि गल्लीनं ते खाल्ले, हेही नोंदवून ठेवते.

वर्षभरानं अक्का एक दिवस भाकरी थापता थापता थांबली.

"तम्मा," ती म्हणाली, "सळई हलतीय रे."

"दुखतंय?"

"दुखतंय ते येगळं. हलतीय. दाताच्या फटीत जोंधळा अडकला की जीभ तितंच जाती की न्हाय, तसं माझं सारं ध्यान तितंच जातंय."

डॉक्टरांनी फोटो काढला. मोडलेलं हाड सांधलेलंही नव्हतं पुरतं, आणि सळईभोवती एक काळी रेघ आली होती. म्हणजे हाडानं सळई सोडली होती. अशानं एक दिवस सळई वाकेल, हाड पुन्हा मोडेल, आणि मग अक्का उठणार नाही. हे डॉक्टर अक्कासमोरच बोलले. अक्कानं विचारलं, "मग तवा हेच्या भाकऱ्या कोण थापंल?" डॉक्टर हसले. सर हसले नाहीत.

मला त्यांनी ते असं समजावलं होतं. हाड जिवंत असतं. परक्या वस्तूला ते अंगाला लावून घेत नाही. मध्ये मऊ पडदा धरतं, पाहुण्याला ओसरीवर बसवावं तसं. सळई कितीही मजबूत असली तरी ती ओसरीवरच. पण सळईला हाडाच्याच क्षाराचा, त्या कॅल्शियम फॉस्फेटचा लेप दिला तर? हाड तिला आपलं समजून धरेल. "हाडाला त्याचीच माती दाखवायची," असं ते म्हणत. बाहेरच्या देशांतही काही लोक याच विचारात आहेत, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. त्याचं त्यांना दुःख नव्हतं, उलट धीर आला होता. "मी एकटाच वेडा नाही," असं मला त्यांनी दोनतीनदा सांगितलं.

अडचण एकच होती. लेप धरत नव्हता. भट्टीतून पांढरीशुभ्र सळई बाहेर यायची, देखणी, लग्नातल्या खडीसाखरेच्या काडीसारखी. निवता निवता तिच्यातून बारीक आवाज यायचा, तडक, तडक. पोलाद आकसायचं जास्त, लेप आकसायचा कमी. मग सर नख लावायचे आणि लेपाची खपली टेबलावर पडायची. त्या खपल्या ते फुंकून टाकत नसत. तळहातावर घेऊन उलट्या करून बघत बसत.

खपली उलटी करून बघायच्या या सवयीनं एकदा आमच्या गल्लीत दंगाच होता होता राहिला. कोपऱ्यावरच्या मारुतीला दर शनिवारी तेलात कालवून शेंदूर चढायचा. थरावर थर. एका उन्हाळ्यात दुपारी खांद्यापासून पोटापर्यंतचं शेंदराचं अख्खं कवच सुटून खाली पडलं. माणसं जमली. कुणी म्हणालं दुष्काळ येणार, कुणी म्हणालं रोगराई. मग कुणीतरी म्हणालं, "येणार न्हाई तर काय? पन्नास पावलांवर हाडं शिजत्यात." आणि जमाव सरांच्या दाराकडे वळला.

मी त्या जमावाच्या कडेला होते. हाका सुरू झाल्या, तेवढ्यात सर स्वतःच धावत बाहेर आले. अनवाणी. चेहऱ्यावर असा आनंद, जणू मुलगा पास झाला. जमावाला वाटलं माणूस पाया पडायला येतोय, म्हणून वाट मिळाली. सर थेट मारुतीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसले, कवचाचा तुकडा उचलला आणि उलटा केला. आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत.

"बघा," ते जमावालाच दाखवायला लागले, "दगडाचा एक कणही आला नाही बरोबर. म्हणजे धरलं नव्हतंच कधी. जाड होत गेलं आणि आपल्याच वजनानं सुटलं." मग मारुतीच्या घोट्याशी वाकले. तिथं शेंदूर पातळ होता, जुना. नख लावलं. निघेना. "आणि इथं बघा. पातळ आहे. काही केल्या निघत नाही."

"सर, देवाला नख लावता?" एक म्हातारे गृहस्थ पुढे होऊन म्हणाले.

"देवाला नाही हो. शेंदराला."

त्या क्षणी काहीही झालं असतं. एकाने दगड उचललेला मी पाहिला. तेवढ्यात त्यांच्या दारात काठीला धरून अक्का उभी राहिली आणि भांडं आपटावं तशा आवाजात म्हणाली, "तम्मा, आत ये. मारुतीला काय झालं न्हाय, तुला हुईल." दोनचार जण हसले. हसू आलं की दगड हातात जड होतो. पण संध्याकाळी त्यांच्या खिडकीची काच फुटलीच. सरांनी तिथं पुठ्ठा लावला आणि त्या आठवड्यापासून लेप पातळ करायला घेतला, इतका पातळ की पोलादाचा रंग खालून दिसावा. त्याआधी सळई खरखरीत घासायची, जशी कल्हईच्या आधी भांडं घासतात. हा लेप नखाला दाद देईना. हातोडीच्या टोल्यालाही नाही.

ज्या दिवशी लेपानं तो टोला सोसला, त्याच दिवशी मी पत्रकाचा मसुदा लिहून नेला. मथळा होता, 'गरिबाच्या हाडाला स्वदेशी सळई'. मला ते दिसत होतं: गिरणीत पट्ट्यात पाय सापडलेले, यंत्रमागावर हात गेलेले, बांधकामावरून पडलेले, सगळे पुन्हा उभे राहताहेत. सरांनी मसुदा नीट वाचला. कागदाच्या कोपऱ्यावर नख फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. ते न बोलताच मला ऐकू आलं: बसलंय.

"लोक वाट बघत मरतात, सर," मी म्हणाले.

"घाईनंही मरतात, पोरी. फक्त त्यांची पत्रकं निघत नाहीत."

ते वाक्य मला आजही पटलेलं नाही, आणि खोडताही आलेलं नाही. दोन्ही खरं आहे.

आता बाटलीची गोष्ट. शरीरात सळई खारट पाण्यात असते, उबेत असते, हलत असते. तशातही लेप टिकायला हवा. बारा महिने एकसारखी ऊब सोलापुरात आणायची कुठून? मे महिन्यात खोली माणसापेक्षा जास्त तापते आणि डिसेंबरात गारठते. म्हणून सरांनी रुंद तोंडाच्या बाटलीत मिठाचं पाणी घालून त्यात लेपाची सळई बुडवली आणि ती बाटली धोतराच्या कापडात गुंडाळून कमरेला, पोटाशी बांधली. वर सदरा. झोपताना, शिकवताना, बाजारात, सगळीकडे. "माझंच अंग तिला उसनं दिलंय," असं म्हणायचे. चालताना आवाज यायचा, डुबुक डुबुक. वर्गात पोरं टेबलाखाली ताल धरायची.

आणीबाणीचे दिवस होते. एका संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यानं आम्ही दोघं येत होतो. माझ्या पिशवीत वह्यांच्या खाली अशी पत्रकं होती, जी सापडली असती तर मी घरी गेले नसते. सरांना त्याची कल्पना नव्हती. चौकात हवालदारानं अडवलं. आधी माझ्या पिशवीकडे बघितलं. मग सरांच्या पोटाकडे.

"काय हाय ओ त्यात?"

"सळई," सर म्हणाले.

"आन् पाणी?"

"मिठाचं."

हवालदारानं बाटली सोडवायला लावली, हुंगली, दिव्याकडे धरली. आत पांढरट पोलादी सळई. त्याचा चेहरा बदलला. "बाँब तर न्हाय ना?" हे तो हळू आवाजात म्हणाला. आणि आमच्या सरांनी त्या चौकात, रस्त्याच्या दिव्याखाली, हाड म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. हवालदार आधी खेकसला, मग ऐकायला लागला, मग त्यानं बाहीच वर केली. "माज्या हातात बी पट्टी हाय की. गडी पळत हुता, त्याच्यामागं पडलो. थंडीत लई ठणकतंय. ती बी हलत आसंल का?" सर त्याचा हात हातात घेऊन मनगटापासून कोपरापर्यंत टकटक करत राहिले. मी पिशवी उराशी धरून उभी. शेवटी हवालदार माझ्याकडे वळला. मला वाटलं, संपलं. तो म्हणाला, "बाई, सरांला जपून न्या. वाटंत डॉक्टर भेटला की लोक त्याला सोडत न्हाईत."

घरी आल्यावर मी तासभर काही खाल्लं नाही. सरांना त्या संध्याकाळचं लक्षात राहिलं ते एवढंच, की थंडीत ठणकतं.

मग सशांवर प्रयोग झाले. जनावरांच्या एका डॉक्टरांनी मदत केली. सशांच्या हाडांनी लेप धरला, त्यातल्या एकाच्या हाडातून तर सळई ओढून निघेना. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी ते बघितलं आणि ते पेटलेच. म्हणाले, अक्काची जुनी सळई काढू, जखम भरू देऊ, आणि मग नवी म्हणून हीच घालू. तुम्ही हो म्हणा.

"ससा कळशी घेऊन जिना चढत नाही," सर म्हणाले.

त्यांना एक गोष्ट आधी हवी होती. जुनी सळई. ती का सुटली, याचं उत्तर तिच्या अंगावर होतं. पोलाद गंजून सुटली, की आत पू होऊन, की नुसत्या त्या मऊ पडद्यामुळे? पडदा असेल तर लेपाचा उपयोग आहे. पण पू असेल तर लेप उलट त्याला घर देईल, भुगा होऊन हाडात पसरेल, आणि मग पाय कापण्याखेरीज काही उरणार नाही. उघड्या डोळ्यांनी बघून, थोडं भिंगाखाली धरून हे कळलं असतं. सरांनी डॉक्टरांना बजावून सांगितलं होतं की सळई निघाली की तशीच ठेवा. ती त्यांनी तशीच ठेवली. परिचारिकेनं ती गॉजमध्ये गुंडाळून नातेवाइकांच्या हाती दिली. नातेवाईक म्हणून त्या वेळी बाहेर होत्या नरसूबाई.

नरसूबाई म्हणजे सरांच्या भिंतीपलीकडच्या. नवरा मागावर, त्या घरी विड्या वळायच्या. मूळच्या तेलुगू. ज्या गल्लीनं सरांची काच फोडली, त्याच गल्लीतल्या नरसूबाई अक्काच्या आजारपणात दोन्ही घरांचा स्वयंपाक करत होत्या. सर वर्गावर होते. त्यांचा तास संपेपर्यंत मी त्यांच्यासाठी थांबले होते. आम्ही धावत दवाखान्यात पोचलो तेव्हा नरसूबाई दारातच भेटल्या. हातात स्टीलची ताटली. ताटलीत सळई, हळदकुंकू लावलेली, आणि आरशासारखी लखलखीत.

"बघा सर," त्या म्हणाल्या, "घरी जाऊन पहिलं हेच केलं. चिंच लावली, राख लावली, मग गरम पाणी ओतलं. अक्काच्या अंगात होती ना इतके दिवस. तशी घाण कशी ठेवायची? देवाजवळ ठेवते म्हटलं."

सरांनी सळई उचलली. खिडकीशी नेली. नख लावलं. त्या नखाखाली काहीही आलं नाही. त्यांनी ती नाकाशी नेली. चिंचेचा वास.

ते बाकावर बसले. आवाज चढवला नाही. त्यांनी कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकलाच नाही. फक्त एकेक विचारत गेले.

"घासताना काय निघालं, नरसूबाई? रंग कसा होता?"

"रंग कसला, सर?"

"तांबूस होता? गंजासारखा? की पांढरट, मऊ, सायीसारखं काही?"

"होतं काहीतरी."

"वास?"

"मला काय ठावूक, सर." त्यांना आता रडू यायला लागलं होतं. आपलं काय चुकलं तेच कळत नव्हतं. "घाण होती. घाण कोण बघतंय?"

सर उठले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही मायेनं केलंत," म्हणाले. मग चालत नरसूबाईंच्या घरी गेले, मोरीत उकिडवे बसले आणि भिंग घेऊन मोरीच्या फटींतली राख काडीनं खरवडायला लागले. धोतर भिजलं. कमरेची बाटली गुडघ्यात येत होती म्हणून ती सोडून त्यांनी माझ्या हातात दिली. ती कोमट होती. दारात गल्ली जमली. या वेळी कुणाच्या हातात दगड नव्हता. राखेत राख होती, चिंचेचे दोरे होते, विडीच्या तंबाखूची भुकटी होती. जे हवं होतं ते गटारातून कधीच गेलं होतं.

मग अक्काच्या खाटेशी जे बोलणं झालं ते मी शब्दशः विसरलेले नाही.

"ती गेली तर जाऊ दे," अक्का म्हणाली. "तुझी घाल. डॉक्टर व्हय म्हणतोय. ही पोरगी व्हय म्हणतीय. तुझंच काय अडलंय?"

"पहिली का सुटली ते मला कळलेलं नाही, अक्का."

"भितोस."

"हो. भितो."

"मी भीत न्हाय आन् तू भितोस? हाड कुणाचं?"

"तुझं."

"मग?"

"आत पू होता का ते माहीत नाही. काढताना रक्तात डॉक्टरांनाही नीट दिसलं नाही. असेल तर माझ्या लेपानं तुझा पाय जाईल."

"आन् नसंल तर?"

सरांचा हात कमरेच्या बाटलीवर गेला.

"नसंल तर, तम्मा, मी परत चालंन." अक्कानं मान फिरवली. छताकडे बघत म्हणाली, "मला न बघता दिली नवऱ्याच्या घरी. तवा कुणी नख लावून बघितलं न्हाय, धरंल का म्हणून. आता माझा भाऊ बघत बसलाय."

डॉक्टर दाराशी उभे होते. माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी बोलले. सगळं बोलले. संधी, धैर्य, गरिबांचा हक्क, सगळे शब्द वापरले. सरांनी ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "साधी घाला."

साधी घातली. अक्का काही महिन्यांनी काठीवर उभी राहिली. सरांशी ती बराच काळ कामापुरतंच बोलायची; भाकरी वाढताना ताटलीकडे बघायची, त्यांच्याकडे नाही. सर तेही निमूट सोसायचे. ते बरोबर होते की घाबरट, हे मला ठरवता आलेलं नाही. मला राग होता तो आधी त्यांच्यावर, मग नरसूबाईंवर. आता दोघांवरही नाही. आता माझा राग त्या सवयीवर आहे जी आपल्याला लहानपणापासून लावली जाते, की जे ओंगळ दिसतं ते आधी धुवायचं, मग विचारायचं नाही. आपल्या गल्ल्या, आपले दवाखाने, आपल्या सरकारी चौकशा, सगळीकडे कुणीतरी चिंच आणि राख घेऊन बसलेलं असतं. नरसूबाईंनी निदान मायेनं घासलं.

गेल्या महिन्यात मी सोलापूरला जाऊन आले. सर निवृत्त झालेत. नजर अधू झाली आहे, पण नख तसंच आहे, आणि बाटलीही. लेप अजून टिकलाय. अक्का ओसरीवर बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं आणि सरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "पोरी, ही बी हलाय लागलीय." मी आत बघितलं. सर आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांचे खांदे बघून मला कळलं की त्यांना आधीच माहीत आहे.

डॉक्टर म्हणतात, या खेपेला फार तर वर्षभर थांबता येईल. सर म्हणतात, अक्काची सळई या वेळी तशीच हाती येईल, नरसूबाई स्वतः दाराशी पहारा देणार आहेत. पण एका सळईवरून ठरवता येत नाही. एक गंजलेली निघेल, एक पुवाची, एक पडद्याची. वीसपंचवीस तरी शेजारी शेजारी ठेवून बघायला हव्यात, म्हणजे अक्काची कुठल्या जातीची ते कळेल. त्यांनी आजवर जिथं जिथं विचारलं, तिथं उत्तर एकच मिळालं: धुऊन नदीत सोडली, नाहीतर धुऊन देव्हाऱ्यात ठेवली.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात, शेजारात, कारखान्यात कुणाच्या हाडातून सळई, पट्टी किंवा स्क्रू निघणार असेल, तर डॉक्टरांकडून ती मागून घ्या. ती तुमची आहे. धुऊ नका. घासू नका. हळदकुंकू लावू नका. दवाखान्यात नमुने टिकवायला वापरतात ते औषधी पाणी मागून बाटलीत तशीच बुडवा, झाकण घट्ट लावा. चिठ्ठीवर नाव नको. किती दिवस आत होती, माणूस चालत होता का आणि दुखत होतं का, एवढंच लिहा. आणि बाटली या मासिकाच्या संपादकांकडे पोचवा, मी सोलापूरला नेईन.

अक्का अजून काठीवर उभी आहे. तोवर पोचवा.